मान वरच राहो

५ फेब्रुवारी

भिंगरे,

आशीर्वाद शेवटी देईन, आधी जरा रागावू दे. परवा मी तुझ्या शहरात येऊन गेले. नवी कवळी बसवून घ्यायची होती, आणि तिथला दातांचा डॉक्टर बरा असं सगळे सांगतात. तुझ्याकडे चहाला येणार होते, पण तुझा पत्ता म्हणजे टपालपेटीचा नुसता आकडा. आकड्याच्या दारावर कशी टकटक करायची ते कुणी मला शिकवलेलं नाही. सख्ख्या मावशीला पत्ता न देणारी भाची जगात एकच असेल, आणि ती नेमकी माझ्या वाट्याला आली.

वेळ होता म्हणून एका शिंप्याच्या दुकानात शिरले. माझ्या काळ्या कोटाचं अस्तर फाटलंय. दुकान ऐसपैस, आत मोठं टेबल, आणि टेबलावर वाकून खडूने रेघा मारत असलेला एक मास्तर. मी म्हटलं, "मास्तर, एवढं अस्तर बदलून द्या." मान खाली, खडू चालूच. मी पुन्हा म्हटलं. "जुनं काम घेत नाही," असं त्याने टेबलाला सांगितलं. मी म्हटलं, "अहो, निदान मान वर करून बघा तरी." तर म्हणतो कसा, "त्यात बघण्यासारखं काय आहे?"

कोटाबद्दल म्हणाला की माझ्याबद्दल, ते विचारत बसले नाही. मी दारातूनच म्हटलं, "मान वर होत नाही का? मग वरच राहो मान, खाली न येवो!" काडी मोडल्यासारखा कट्ट आवाज झाला आणि त्याची हनुवटी आढ्याकडे लागली. अजून हात आहे हो तुझ्या मावशीच्या जिभेत.

एकच खटकतंय. एरवी शाप नीट बसला की मला कडकडून भूक लागते. या वेळी ताट वाढून घेतलं आणि तशीच उठले. जीभ खाजते आहे. सारखी या खिडकीतून त्या खिडकीत जाते. खाली लाँड्रीवाला इस्त्री आपटतो तरी दचकते. कवळी नवी आहे, तिचंच असेल.

पत्ता कळव. आशीर्वाद.

मावशी

१२ फेब्रुवारी

प्रिय मावशी,

तुझा राग पोचला. आशीर्वाद शेवटी होता तोही पोचला. पत्ता दिला नाही कारण घर अगदीच लहान आहे आणि जिना अरुंद. तुझे गुडघे मला माहीत आहेत. माझं बरं चाललंय. शिवणकाम मिळतं.

त्या मास्तरांची गोष्ट वाचून मी हसले. मग एक विचार मनात आला, म्हणून विचारते. माझी एक शेजारीण आहे. तिचा नवराही अशाच एका दुकानात कापायचं काम करतो. तो गेल्या आठवड्यात घरी आला तो आढ्याकडे बघत. उंबऱ्याला अडखळला, खुर्ची चाचपत बसला. तिला वाटलं लचक भरली, म्हणून तिने रात्रंदिवस शेक दिला. मान तसूभर हलेना. कदाचित तोच तुझा मास्तर असेल, कदाचित नसेलही. स्वभावाने ताठच आहे म्हणतात. पण तो मान मोडून काम करायचा, कापडात डोकं घातलं की घराला आग लागली तरी त्याला कळायचं नाही. शेजारीण म्हणते, त्यांचं पोट त्याच्या नजरेवर चालतं. घरात एक लहान मुलगी आहे. अजून रांगत नाही, पण आता रांगेल.

तर असा शाप किती दिवस टिकतो? उतरतो कसा? आणि तू नेमके कोणते शब्द वापरलेस? अगदी शब्दाला शब्द लिही. शेजारीण फार घाबरली आहे, म्हणून विचारतेय.

भिंगरी

१९ फेब्रुवारी

भिंगरे, माझ्या लाडके,

शेजारणीचं निमित्त मला सांगतेस? मी काय काल जन्मले? तू धंद्याचे प्रश्न विचारते आहेस! शाप टिकतो किती, उतरतो कसा, शब्द कोणते. हेच तीन प्रश्न मी माझ्या आईला विचारले होते, तेव्हा मला दाढाही आल्या नव्हत्या. तुझी आई सुया-दोऱ्यांकडे वळली, तूही तिच्यामागे गेलीस, म्हणून मी आशा सोडली होती. रक्त पाण्यापेक्षा घट्ट असतं, हे आज पटलं.

तर ऐक. आपल्या घराण्यात काढे नाहीत, लेप नाहीत, कढया ढवळणं नाही. सगळं जिभेवर. म्हणून शब्द जपायचा. आई म्हणायची, शापात नाम एकटं सोडू नये, त्याला धनी लावून द्यावा. 'नाक' म्हणायचं नाही, 'तुझं नाक' म्हणायचं. धनी नसलेला शब्द भटक्या कुत्र्यासारखा असतो, मिळेल त्या दारात शिरतो.

माझे शब्द होते: "वरच राहो मान, खाली न येवो." बघ, कसे आटोपशीर आहेत! उगाच नटवेपणा नाही.

टिकतो किती? माज असेल तोवर. माज उतरला की मान उतरते. पुरुष साधारण महिन्याभरात वठणीवर येतात. तुझ्या त्या 'शेजारणीला' सांग, धीर धर. आणि पुढचे प्रश्न लवकर पाठव.

मावशी

४ एप्रिल

मावशी,

आज नमस्कार वगैरे काही नाही.

शेजारीण मीच आहे. तो मास्तर माझा नवरा आहे. लग्नाला दोन वर्षं झाली, मुलगी आठ महिन्यांची आहे. तुला कळवलं नाही, कारण याआधी ज्याच्याशी माझं जमलं होतं त्याने तुला 'ए म्हातारे' म्हटलं आणि तू त्याला वर्षभर उचकी लावलीस. बिचारा उचक्या देत देतच दुसरीकडे लग्नाला उभा राहिला. हा माणूस मला तुझ्या जिभेपासून वाचवायचा होता. म्हणून टपालपेटी. आणि तू या अख्ख्या शहरातून चालत चालत नेमकी त्याच्याच दुकानात गेलीस.

तुझे शब्द मी शंभरदा वाचले. 'वरच राहो मान.' तुझी मान की तुझा मान? तू दोन्हींतलं एकही म्हणाली नाहीस! आजीचा नियम मला शिकवलास आणि त्याच पत्रात स्वतः मोडलेला तुला दिसला नाही. तुझा शब्द दोन्ही दारांत शिरला आहे. मानही वर गेली आणि मानही वर गेला, आणि दोन्ही खाली यायचं नाव घेत नाहीत.

पहिल्या आठवड्यात मालक त्याला काढून टाकणार होते. तेवढ्यात एक बडं गिऱ्हाईक आलं. सगळे कमरेत वाकले, हा तेवढा वाकला नाही. वाकणार कसा? त्या गिऱ्हाइकाला वाटलं, जो माझ्यापुढे वाकत नाही तो कारागीर नक्कीच फार मोठा असणार. तिथून जे सुरू झालं ते थांबत नाही. दुकानाच्या काचेशी त्याला उंच खुर्ची मिळाली. पेपरात फोटो आला. आता शिंप्यांच्या संघाचा अध्यक्ष झालाय. मी त्याला घरात अरेतुरे करायचे, आता लोकांचं ऐकून ऐकून माझ्याही तोंडात 'मास्तर' आणि 'ते' आलंय.

पूर्वी माज होता, नाही म्हणत नाही. नाकाने कांदे सोलायचे. पण तो माज कामाचा होता. दिवसभर टेबलावर वाकायचे आणि मग ऐट करायचे. आता काम नाही, नुसती ऐट आहे. स्वर्ग दोन बोटं उरलाय.

काम कोण करतं? मी. दुकानातून कापड घरी येतं, कारण मास्तरांना 'एकांत लागतो'. खिडकीशी टेबल आहे, त्यावर मी मापं घालते, मी खडू मारते, मी कापते. ते मागे उभे राहून आढ्याला 'हं' म्हणतात. बाहेर विचारलं तर म्हणतात, "मी कापडाकडे बघत नाही, कापड माझ्याकडे बघतं." लोक टाळ्या वाजवतात.

मावशी, ते पोरीला उचलत नाहीत. आपले हात दिसत नाहीत म्हणून सांडेल अशी भीती वाटते म्हणतात. ती जमिनीवरून वर बघते, हे आढ्याकडे बघतात. ती रांगायला लागली आहे. घरभर फिरते. पाऊल वाजलं की मी आधी पोर कुठे आहे ते बघते. कापताना अर्धं लक्ष कात्रीवर, अर्धं जमिनीवर. बसवत नाही, उभं राहवत नाही.

हे सोडव. दुसरं काही मागत नाही. त्यांची नजर एकदा त्या पोरीपर्यंत खाली येऊ दे.

भिंगरी

९ एप्रिल

भिंगरे,

तुझं पत्र वाचून मी खोलीत किती येरझाऱ्या घातल्या कुणास ठाऊक. खालचा लाँड्रीवाला वर येऊन विचारून गेला, फर्निचर हलवताय का म्हणून.

आधी माझं ऐक. लग्न झालं, मूल झालं, आणि मला शेजारीण! मी नात बघितली नाही. तिचे डोळे कुणासारखे आहेत तेही मला माहीत नाही. याबद्दल तुझ्याशी भांडायचं आहे, पण ते पुढे कधीतरी.

'तुझी' राहिली हे खरं. कवळीने गिळली. जुन्या दातांनी असं कधी केलं नव्हतं. हसू नकोस. करायला गेले एक आणि झालं भलतंच. पण कुणालाही सांगताना माझी बाजूही सांग: त्याने मला 'बघण्यासारखं काय आहे' म्हटलं होतं.

मागे घेता येत नाही. सुटलेला शब्द परत तोंडात येत नसतो, नाहीतर आपल्या घराण्यात भांडणंच झाली नसती. पण मी विचार केला आहे. दोन्ही मानांची एकच गाठ बसली आहे. एक उतरली की दुसरी उतरेल. म्हणजे त्याचा मान उतरव! अवघड काय आहे त्यात? संघाची सभा असेल ना? उभी राहा आणि सांग, कोट मी कापते. तिथल्या तिथे हनुवटी गळ्याला टेकेल.

तेवढं तोंड नसेल तर मला पत्ता दे, मी येते आणि एक शब्द टाकते. या वेळी धनी लावून. किंवा तूच टाक. तुझ्या जिभेत आहे ते, मला पाळण्यात कळलं होतं. चार वर्षांची असताना तू दूधवाल्याला 'सांडो' म्हणालीस आणि त्याचं दूध आठवडाभर सांडत होतं. तुझ्या आईने तुला तेव्हा मारलं. मी तर पेढा दिला असता.

मावशी

१४ एप्रिल

मावशी,

तू येऊ नकोस. पत्ता मिळणार नाही. एका शब्दाने आमची ही गत झाली, दुसरा नको.

मीही टाकणार नाही. राग आला की जिभेच्या टोकाशी काहीतरी गरम होतं, ते मला माहीत आहे. म्हणून तर मी तोंडात टाचण्या धरून काम करायला शिकले. माझ्या मुलीला आईला घाबरायची वेळ येऊ नये. तुला लोक किती घाबरतात ते तू कधी दाराबाहेर उभं राहून बघितलं आहेस का?

आणि सभेत उभी राहू म्हणतेस? माझाच नवरा. आपलेच दात आणि आपलेच ओठ. त्यांचा मान गेला तर घराचाही जातो. आणि खरं सांगू? कोट घालून माणूस आरशासमोर उभा राहतो आणि म्हणतो, वा, काय बसलाय! तेव्हा कापलेलं कापड पोचवायला गेलेली मी दुकानात पडद्यामागे असते. नाव त्यांचं घेतात, पण काम माझं असतं, आणि मला ते ऐकावंसं वाटतं. नाव नसलं तरी कौतुक कानाला गोड लागतं. मी अशी कात्रीत सापडले आहे, आणि ती कात्री माझीच आहे.

मी पोरीच्या पायात घुंगरू बांधलं आहे. त्यांना आवाज येईल. सध्या एवढंच.

भिंगरी

२ मे

भिंगरे,

पत्र नाही. बरी आहेस ना? पोर बरी आहे ना? माझी जीभ सुजली आहे. पेज पिते. कुणाला काही बोलत नाही, देवाशप्पथ, कालच्या टॅक्सीवाल्यालासुद्धा नाही.

दोन ओळी टाक.

मावशी

२३ मे

आज टपाल आलं. लाँड्रीवाल्याचं होतं. मी त्याच्या हातातून हिसकावून घेतलं आणि मग माफी मागितली. मी माफी मागितली, भिंगरे. यावरून काय ते समज.

मावशी

११ जून

मावशी,

लिहायला हात मोकळा नव्हता. आता सगळं सांगते, सलग सांगते, मधे थांबले तर पुढे लिहवणार नाही.

एप्रिलच्या शेवटी घुंगरू तुटलं. मी टेबलाशी कापत होते. मास्तर संघातल्या भाषणाची तयारी करत फेऱ्या मारत होते, हात मागे, तोंड आढ्याकडे. पोर त्यांच्या मागे मागे रांगत होती. ते वळले. मी ओरडेपर्यंत पाय पडला होता. बुटाचा. डाव्या हाताच्या दोन बोटांवर.

ती पहिल्यांदा रडलीच नाही, तिचा श्वासच अडकला. मग जी किंचाळली. मी तिला उचललं. ते तसेच उभे, हवेत हात चाचपडत. "काय झालं? कशावर पाय पडला?" मी सांगितलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला, ते मी पाहिलं. पण तोंडातून काय निघालं ठाऊक आहे? "मग तिला खाली कशाला सोडतेस? तिलाही शिकव, बाबा येताना दिसले की बाजूला व्हायचं."

मावशी, तेव्हा ते आलं. जिभेवर, पूर्ण वाक्य, धनी लावलेलं, एकही शब्द न गाळलेलं. गंजलेल्या सुईसारखी चव होती. खोटं कशाला सांगू, गोडही होती. तुला ती का आवडते ते मला त्या क्षणी कळलं. तोंड उघडायचं एवढंच बाकी होतं. पोर माझ्या गळ्यात तोंड खुपसून रडत होती. मी तोंड उघडलं असतं तर ते वाक्य तिच्या कानावरून गेलं असतं.

मी ते गिळलं. घसा आठवडाभर सोलवटला होता.

मी दवाखान्यातून आले, पोरीच्या बोटांना पट्टी बांधलेली होती. टेबलावरचं कापड घडी घालून ठेवलं आणि त्यांना म्हटलं, "आजपासून मी कापणार नाही." त्यात मंत्र नाही, तंत्र नाही. तुला हे फार साधं वाटेल. तोंडातून काढायला मला सगळ्यात जड गेलेलं वाक्य ते आहे.

ते हसले. म्हणाले, माझं मी बघून घेईन. सगळ्यांनी इतकं हरभऱ्याच्या झाडावर चढवलं होतं की त्यांना खरंच वाटायला लागलं होतं, आपणच कापतो. एका न्यायाधीशांचा कोट होता. दुकानात, सगळ्यांच्या समोर, आढ्याकडे बघत बघत त्यांनी कापला. दोन्ही बाह्या डाव्या हाताच्या निघाल्या. आणि तुझ्या शब्दाची ताकद बघ, चार दिवस लोक म्हणत होते, ही नवी पद्धत असेल! मग न्यायाधीशांनी तो अंगात घातला, आणि त्यांना उजवा हात वर करता येईना. भर दुकानात एका पोराला हसू फुटलं. मग सगळ्यांनाच.

त्या दिवशी हनुवटी बोटभर खाली आली. काचेजवळची खुर्ची गेली, तेव्हा आणखी. संघाने 'प्रकृतीच्या कारणास्तव' दुसरा अध्यक्ष नेमला, तेव्हा आणखी. मान उतरला तशी मान उतरली, तू म्हणालीस तसंच. पण नजर समोर आली आणि तिथे अडकली. जमीन दिसेना. आठवडाभर तो भिंतीकडे बघत बसला. (आता 'ते' म्हणवत नाही मला.)

मग न्यायाधीशांची बायको घरी आली. म्हणाली, आधीचे कोट इतके छान बसायचे, हा असा कसा झाला? मी आत होते. बाहेर गेलेच नाही. मला त्याला वाचवायचंही नव्हतं आणि बुडवायचंही नव्हतं. मग त्याचा आवाज आला, "आधीचे ती कापायची. मी नुसता मागे उभा असायचो." कट्ट आवाज मी आतून ऐकला.

मनापासून म्हणाला की थकून, मला माहीत नाही. मी विचारलंही नाही. माज गेलाय असंही समजू नकोस. आत आल्या आल्या टेबलावर वाकला, माझा जुना कागदी नमुना बघितला आणि म्हणाला, "खांद्याला पाव इंच जास्त आहे." खरोखर जास्त होता! मी चिडले, हसले, दोन्ही केलं. आता दुकानात त्याला कुणी घेत नाही. कोट माझ्या नावावर येतात, आणि काजं तो करतो, खाली मान घालून.

पण मला तुला सांगायचं आहे ते वेगळंच.

त्या बाई गेल्यावर तो खाली बसला. पोर कोपऱ्यात चिंधीशी खेळत होती. चार महिन्यांनी त्याने तिच्याकडे बघितलं. बोटं बघितली. करंगळी वाकडी जुळली आहे, डॉक्टर म्हणतात तशीच राहील. तिच्या पातळीवर तोंड नेऊन त्याने तिला हाक मारली.

ती घाबरून रडायला लागली.

आवाज ओळखीचा, पण ते तोंड ती चार महिन्यांत विसरूनच गेली होती, मावशी. तिचा बाप म्हणजे वर, लांबवर दिसणारी एक हनुवटी. हे डोळे, हे कपाळ, असं अंगावर येणारं तोंड कुणाचं ते तिला कळेना. तो जवळ सरकला की ती किंकाळी फोडून माझ्या पायांना चिकटायची. असं आठवडाभर चाललं. ज्याच्यापुढे अख्खं शहर उभं राहायचं तो माणूस एका रांगत्या पोरीची मनधरणी करत जमिनीवरून सरकत होता. मला आनंद व्हायला हवा होता. नाही झाला.

तीन-चार दिवसांपूर्वी दुपारी मी कापत होते. तो गुपचूप जमिनीवर उताणा निजला, तिच्यापासून हातभर अंतरावर. आणि त्याने मान मागे टाकली. आपली आपण, पूर्ण मागे, हनुवटी आढ्याकडे, जशी शापात होती अगदी तशी. डोळे मिटून घेतले आणि हलला नाही.

पोरीने बराच वेळ बघितलं. मग चिंधी टाकली आणि रांगत गेली. वाकड्या करंगळीच्या हाताने त्याची हनुवटी चाचपली, घट्ट धरली, आणि हसली.

तो अजून तसाच झोपतो. मान दुखते म्हणतो. मी म्हटलं, दुखू दे.

भिंगरी